लाल सुतळीचे पट्टे

आडे मॅडमनं माझं नुकसान केलं, हे मी आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल काही बरं बोललो, तर म्हातारा भोळा आहे, बाईच्या गोड बोलण्याला भुलला, असं कोणी म्हणायला नको. माझ्या काढ्याचं नाव मुकुटबनपासून पांढरकवड्यापर्यंत होतं. कडुनिंब, करंज, रुईचा पाला, गोमूत्र आणि आणखी दोन जिनसा, ज्या मी पोटच्या पोरालाही सांगितल्या नाहीत. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरली की माणसं प्लास्टिकचे डबे घेऊन माझ्या अंगणात बसत. आता तेवढी येत नाहीत. मॅडमच्या एका वाक्यानं हे झालं. "फरक दिसला नाही." एवढंच वाक्य.

तरी बाई आठवते. वजनाचा टांगता काटा दिसला की आठवते. आणि कोणी 'सगळे लोक म्हणतात' असं म्हटलं की हटकून आठवते, कारण लगेच तिचा आवाज कानात येतो : "सगळे म्हणजे किती जण? आणि कोणाला विचारायचं राहिलं?"

पहिल्यांदा तो आवाज मी मुकुटबनच्या शेतकरी मेळाव्यात ऐकला. स्टेजवरचा साहेब औषधाच्या बाटल्यांचं असं कौतुक करत होता की मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, बाटल्या ठेवा बाजूले. माह्या काढ्यानं बोंडअळी जाते. अख्ख्या तालुक्याले इचारा." टाळ्या पडल्या. अजून पडतच होत्या, तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एक बाई बोलली.

"काकाजी, ज्यांची अळी गेली नाही, त्यांना विचारलं का?"

मी वळून पाहिलं. उंच, सावळी, सुती साडी आणि साडीखाली शाळेतल्या पोरांसारखे बूट. केसांत पांढरं आलेलं.

"ज्याची नाही गेली तो मले सांगाले कायले येईन?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

लोक हसले. मी म्हटलं, "मॅडम, पऱ्हाटी पायली काय कधी जवळून, का पुस्तकातच?"

"महागावकडच्या तांड्यावरची आहे मी, काकाजी. पाटी धरायच्या आधी कमरेला कापसाची झोळी बांधायला शिकले. इथं बांधून दाखवू का?"

आता तर मांडव हलला. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण भर सभेत माझ्यावर हसलेलं मी कोणाचं ठेवून घेत नाही. मेळावा उठल्यावर मी तिला गाठलं आणि म्हटलं, "या माह्या वावरात. तपासा. सोन्याले कसाचा भेव नसते."

वाद घालायला म्हणून बोलावलं होतं. ती पुढच्या बाजाराच्या दिवशी खरंच आली.

ती यवतमाळला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. हे शास्त्र म्हणजे काय ते मी विचारलं, तर म्हणाली, "आपण स्वतःला फसवतो ना काकाजी, ते पकडायचं शास्त्र." मला वाटलं थट्टा करते. पुढं कळलं, बाई थट्टा करते तेव्हा तोंड गंभीर ठेवते आणि खरं बोलते तेव्हा हसते.

तिच्या पिशवीत दोन वस्तू कायम असत. एक तो टांगता काटा, आणि एक स्टीलचा जेवणाचा डबा. त्या डब्यात मी कधी पोळी पाहिली नाही. त्यात चिठ्ठ्या असत. माझ्या वावराचे तिनं दोरी धरून लांब लांब पट्टे पाडले. अर्ध्यांवर काढा मारायचा, अर्ध्यांवर नुसतं पाणी. कोणत्या पट्ट्याला काय, हे ना ती ठरवणार ना मी. ते डब्यातली चिठ्ठी ठरवणार. काढ्याच्या पट्ट्याला लाल सुतळी, पाण्याच्या पट्ट्याला पांढरी.

"पाणी कायले फवारू? बिनकामाची मेहनत," मी म्हटलं.

"पाणीच. पण काढा मारता तेवढ्याच मनानं मारायचं. पंप पाठीवर घेतला की कोणता पंप आहे ते विसरायचं."

विसरू कसं? माझ्या काढ्याचा वास असा की बांधावरची जनावरं तोंड फिरवतात.

चिठ्ठ्या काढायला तिनं आमच्या गिरजाला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावलं. गिरजानं डोळे मिटून डब्यात हात घातला, जसा देवाला कौल लावते. आणि निघालं काय, तर नाल्याकडच्या चिबडातले पट्टे बहुतेक माझ्या काढ्याच्या वाट्याला. चिबड म्हणजे पाणी साचून राहते अशी जमीन. तिथं पऱ्हाटी पिवळी पडते, देव आला तरी सुधारत नाही.

"हे बेइमानी हाये," मी म्हटलं. "पुन्हा टाका चिठ्ठ्या."

"नाही."

"मंग चिबडाचे पट्टे सोडून द्या. बाकीचे धरा."

"काकाजी, चिठ्ठीला सोयरेधायरे नसतात. निघाली ती निघाली. आधी ठरवायचं, मग पाहायचं. पाहून झाल्यावर ठरवलं, तर मग मनातलंच बाहेर येतं."

'आधी ठरवा, मग पहा' हे तिचं पालुपद. चहात साखर किती हेही ती चहा यायच्या आधी सांगायची, आणि कमी पडली तरी मागून मागायची नाही.

श्रावणात एकदा ती आली तेव्हा आमच्या पारावर पाणाड्याची गोष्ट चालली होती. हातावर नारळ उभा करून जमिनीतलं पाणी सांगणारा तो माणूस आमच्या भागात मोठा. तो सांगेल तिथं बोअरला पाणी लागतेच, असं सारं गाव सांगत होतं. जो तो आपल्या बोअरची गोष्ट सांगे. मॅडमनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "याच्या सांगण्यावरून खोदलेल्या कोरड्या बोअर कुठं आहेत?"

मग एकजण म्हणाला, "हाये येक. माह्या साळ्याची." दुसरा म्हणाला, "आमच्याही मागच्या वावरात..." ती उठली आणि गल्लीगल्लीनं निघाली. मला काही कामधंदा नव्हता म्हणून मागं गेलो. कोणाच्या वावरात पाइपाच्या तोंडावर दगड ठेवलेला, कोणी त्यावर बोरीची फांदी टाकलेली, कोणी म्हणे कशाला आठवण काढता बाई. परत येईस्तोवर तिच्या साडीला कुत्र्या गवताची कुसळं चिकटली होती आणि चेहरा उतरला होता. मला वाटलं, जिंकली तर खूश व्हायला पाहिजे.

"लागलेल्या बोअरवाला सांगत फिरतो," ती म्हणाली, "कोरड्यावाला दगड ठेवतो अन् गप्प बसतो. गाव म्हणते पाणाड्या खरा. काकाजी, तुम्ही हसाल, पण आमच्या शिकलेल्यांचंही हेच चाललंय. देशोदेशी. फरक निघाला तर छापतात, नोकरी देतात, हार घालतात. नाही निघाला तर वर दगड ठेवतात. मग दुसऱ्यानं तोच प्रयोग पुन्हा केला की उत्तर येत नाही. भली भली माणसं डोकं धरून बसलीत."

"मंग तुम्ही काय करता?"

"मी कोरड्या बोअर मोजते," ती म्हणाली, आणि हसली. म्हणजे खरं बोलली.

तिच्या स्वतःच्या पायाखालची जमीन कोरडी होत होती हे मला पोळ्याच्या सुमाराला कळलं. त्या दिवशी ती पट्ट्यांत गेलीच नाही. बांधावर बसून राहिली. गिरजानं भाकर आणली तर नको म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा बोलली.

कॉलेजवाले तिचा विभाग बंद करणार होते. संख्याशास्त्राला पोरं येत नव्हती. पोरांना कॉम्प्युटर पाहिजे. आकडे टाकले की मशीन उत्तर देते, मग विचार कायले करायचा? त्या खोलीत नवीन कोर्स येणार होता, नव्या नावाचा. नावात तिचंच शास्त्र, पण तिचं जे मुख्य, ते शंका घेणं, ते त्यात नाही, असं ती म्हणाली. एक बाहेरगावची संस्था मात्र आशेला जागा होती. माझ्या काढ्यात फरक दिसला तर ती संस्था मोठं काम देणार होती, गावोगाव. काम आलं की विभाग जगणार, पोरं येणार, तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली नोकरीत राहणार.

"अन् फरक नाही दिसला तर?"

तिनं लाल सुतळीकडे पाहिलं.

"काकाजी, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की फरक निघावा. रात्री झोप लागत नाही ती याचीच. मी असं वाटून घ्यायला नको."

मी म्हटलं, "निघते ना. काढा कोणाचा हाये?" तिला बरं वाटावं म्हणून नाही म्हटलं. मला खात्रीच होती. अजून आहे.

दिवाळीनंतर कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी आधी सीतादही करतात. चांगलं फुटलेलं झाड पाहून त्याच्या बुडाशी दगड मांडायचे, कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच दहीभात शेतभर शिंपडायचा. मगच बोंडाला हात लावायचा. गिरजानं सगळं केलं. मॅडमही डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. वेचणाऱ्या बायांनी तिला मधात घेतलं, तिच्या तांड्याची गाणी म्हणायला लावली. ती लाजत लाजत म्हणालीही. तेवढ्या दिवसात तिला मी तशी कधी पाहिली नव्हती. नंतर तिनं खरंच झोळी बांधली आणि एक पट्टा वेचून दाखवला. हात असा चालत होता, जसा काही मधातली सगळी कॉलेजं आलीच नव्हती.

मग ती बांधावर, निंबाच्या फांदीला काटा टांगून बसली. बाया एकेक पट्टा वेचत, झोळ्या त्या त्या पट्ट्याच्या गाठोड्यात रिकाम्या करत, आणि गाठोडं काट्यावर चढे. पहिला वेचा आटोपला, कापूस गाडीत भरून विकायला गेला.

काही दिवसांनी ती पेढे घेऊन आली. चालत नव्हती, पळतच होती. फाटकातूनच ओरडली, "काकाजी! फरक आहे! मी धरला होता त्याहून जास्त!"

मी मिशीवर हात फिरवला. "मी काय म्हणलं होतं?"

"संस्थेला कळवलं. ते खूश आहेत. प्राचार्य म्हणाले, खोली राहू द्या म्हणून." पेढा तिच्याच हातात राहिला होता. "फक्त एक गोष्ट समजत नाही. चिबडातही तेवढाच फरक आहे. तिथं झाडं पिवळी होती. तिथं एवढा कापूस आला कुठून?"

गिरजा चहा घेऊन आली होती. आमची गिरजा कमी बोलते, पण आनंदात असली की तिचं तोंड सुटते.

"येईन नाही तं काय वं बाई? आम्ही काय तुही ओटी रिकामी ठेवतो?"

"कसली ओटी, काकू?"

"लेक येते वावरात पहिल्या वेच्याले, तिले काय तशीच पाठवते कोणी? बायायले मीच सांगतलं होतं. पांढऱ्या सुतळीत वेचताना झोळीत मूठभर राखून ठेवा अन् लाल सुतळीच्या गाठोड्यात टाका. लाल तुही ना? तुहं काम अडलं हाये म्हणे कॉलेजात. मंग? जिचं तिचं मन. कोणी येक मूठ टाकली, कोणी दोन."

मी मॅडमकडं पाहत होतो. माणसाच्या तोंडावरून रंग जातो म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. तिनं कप जपून खाली ठेवला.

"किती मुठी, काकू? अंदाजानं सांगा. प्रत्येक गाठोड्यात का? चिबडातल्या गाठोड्यातही?"

"मायेची मूठ कोणी मोजते काय?"

"आठवून पहा ना. हात जोडते." आणि तिनं खरंच हात जोडले. गिरजा घाबरली. मॅडम उठली आणि बायांच्या घरोघर गेली. मी मागं होतो. प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि प्रत्येक बाई हसून, अभिमानानं सांगे, "टाकली तं! भरून टाकली!" कोणी मूठ वळून दाखवी, कोणाची मूठ लहान, कोणाची मोठी. शेवटच्या दारात तिनं विचारलंच नाही. नुसती चौकटीला धरून उभी राहिली. कापूस तर केव्हाच जिनिंगमध्ये जाऊन दुसऱ्यांच्या कापसात मिसळला होता. वेचलेलं बोंड काही पुन्हा फुटत नाही.

घरी येऊन ती ओट्यावर बसली. दिवस मावळत होता, शेवटची बस जायची होती.

"तांड्यावर आईला याडी म्हणतो आम्ही," ती म्हणाली. "माझी याडीही हेच करायची. मालकाची लेक माहेरी आली की तिच्या गाठोड्यात दोन मुठी जास्त. मी तिच्या मागं उभी राहून पाहिलंय. लहानपणी पाहिलंय, काकाजी! सुतळीचा रंग लपवला पाहिजे, वेचणाऱ्याला कळता कामा नये, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवते. आणि इथं मला वाटलं, आपल्याच बाया आहेत."

मी तिच्यापुढं बसलो. मी जे बोललो ते मला चुकीचं वाटत नाही, म्हणून इथं लिहितो. मी म्हटलं, "मॅडम, हे कोणाले माहीत? तुमाले, मले अन् बायायले. बाया काही यवतमाळले जात नाही सांगाले. तुमचा विभाग वाचते, त्या दोन पोरी नोकरीत राह्यते. माह्या काढ्याचं नाव होते. कोणाचं काय जाते?"

"पुढच्या वर्षी गावोगाव हाच काढा मारतील, काकाजी. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून. दुसरं काही मारणार नाहीत."

"मारू द्या. चांगलाच हाये."

"असेल. मला माहीत नाही. ह्या गाठोड्यात काढा किती आणि काकूची माया किती, हे मला वेगळं करता येत नाही. मायेचं वजन औषधाच्या नावावर कसं लिहू?"

मग ती रडली. हुंदके देऊन नाही. बसून होती, आणि डोळ्यांतून पाणी जात होतं, जसं चिबडातून पाझरत राहते. गिरजा दाराआड उभी राहून म्हणत होती, "आम्ही तिचं चांगलं कराले गेलतो वं माय. आम्ही चांगलं कराले गेलतो."

तिनं संस्थेला खरं कळवून टाकलं. त्याच आठवड्यात कॉलेजचे प्राचार्य गाडी घेऊन माझ्या वावरात आले. पांढरा सदरा, चांगला माणूस. मॅडम दुसऱ्या वेच्यासाठी काटा टांगत होती. ते आधी तिच्याशी बोलले, मग माझ्याकडं वळले.

"वामनराव, तुम्हीच समजवा. सगळं टाकून द्यायची गरज काय? एवढे पट्टे आहेत. चिबडाचे पट्टे वगळले, पुढचे वेचे धरले, असं इकडून तिकडून पाहिलं तर कुठंतरी फरक निघेलच की. खोटं लिहा असं कोण म्हणतं? निघेल तेवढंच लिहा."

मला ते पटलं. मी मान हलवली. मॅडम काट्याची साखळी हातात धरून म्हणाली, "सर, इकडून तिकडून पाहिलं तर कुठंतरी फरक निघतोच. म्हणून तर तसं पाहायचं नसतं. चिबडाचे पट्टे सोडा, हे काकाजीही म्हणाले होते. पण त्यांनी शाळा पाहिली नाही. तुम्ही तर पाहिली."

प्राचार्य लाल झाले. पण त्यांच्यापेक्षा जास्त मला लागलं. भर वावरात, वेचणाऱ्या बायांसमोर मला अडाणी म्हटलं. मी तिथून निघून आलो. तो दिवस आणि पुढचे बरेच दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं माफी मागितली, गिरजाच्या हातून निरोप पाठवला. मी ऐकलं नाही. ते वाक्य मला अजून बोचते, आणि ते मी माफ केलेलं नाही.

गिरजाही रुसली होती. "माया केली तं पाप झालं," म्हणायची. पण मॅडम यायची. दुसरा वेचा, त्याच्या पुढचा वेचा. आता सुतळ्या काढून टाकल्या होत्या. कोणता पट्टा कशाचा हे तिच्याच कागदावर होतं. बायांना तिनं हात जोडून सांगितलं होतं की बायांनो, ह्या वेळी माया करू नका. बाया हसत नव्हत्या. गाणीही नव्हती. झोळी रिकामी करताना बाया दोन्ही हात वर करून दाखवत, जशी काही झडती चालली आहे. मॅडम ते पाहायची आणि मान खाली घालायची.

तेवढ्या वेच्यांतून निघालं ते असं की फरक दिसला नाही. लोकांनी मला विचारलं, मी तिला घराच्या अंगणात उभं करून सगळ्यांसमोर विचारलं, "माहा काढा खोटा हाये काय?"

"तसं मी म्हणत नाही. पहिला मोठा वेचा हातचा गेला. जे उरलं त्यात मला फरक दिसला नाही. 'दिसला नाही' आणि 'नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

गावाला एवढं बारीक कळत नाही. गावानं 'नाही' तेवढं उचललं. मी मात्र 'दिसला' धरून बसलो आहे, आणि बसणार. कोणी काढ्याबद्दल कुजकं बोललं की मी ऐकवतो : बाई दिसला नाही म्हणाली, नाही म्हणाली नाही!

तिनं तोवरचं सगळं लिहून काढलं, मुठींसकट, आणि छापायला पाठवलं. एकीकडून परत आलं, दुसरीकडून परत आलं. "काय म्हणते?" मी विचारलं. एव्हाना मी थोडं बोलायला लागलो होतो. ती म्हणाली, "म्हणतात, काम प्रामाणिक आहे, पण यातून काही निघत नाही." आणि हसली.

संस्था परत फिरली. त्या दोन मुलींपैकी एक लग्न होऊन गेली, एक बँकेच्या परीक्षेला बसली. संक्रांतीनंतर तिची खोली रिकामी केली. पुस्तकं जिन्याखाली ठेवली. दारावरची पाटी भिंतीकडं तोंड करून उभी आहे, असं तिनंच सांगितलं. तिला आता परीक्षेच्या बैठकीची कामं दिली होती, कोण कोणत्या बाकावर बसेल त्याची. मॅडमसारख्या बाईला!

माघाच्या शेवटी शेवटी शेवटचा वेचा होता. झाडावर उरलीसुरली, किडकी, अर्धी उघडलेली बोंडं. असा वेचा आम्ही कधी कधी जनावरांवर सोडून देतो. मला वाटलं आता ती येत नाही. कोणासाठी यायचं? तर दुपारच्या बसमधून उतरली. खांद्यावर पिशवी. चालताना एका बाजूला झुकलेली. वर्षभरात म्हातारी झाली होती.

"कायले आल्या?" मी म्हटलं. "आता कोण इचारते?"

"ठरलं होतं ना काकाजी, शेवटच्या वेच्यापर्यंत मोजायचं म्हणून."

काटा टांगला. गिरजा आणि दोन बाया वेचायला होत्या. गाठोडी एवढीशी, काटा हललासा वाटे आणि थांबे. प्रत्येक वेळी ती वाकून, चष्मा सावरून पाही आणि लिही, जसं काही कुठंतरी कोणीतरी वाट पाहत आहे. गिरजा दोन्ही हात पाठीमागं धरून लांब उभी होती. एका गाठोड्यातून थोडा कापूस खाली सांडला, तोही तिनं उचलला नाही. मॅडमनं उचलला.

शेवटचं गाठोडं उतरलं. मॅडमनं काटा काढला, साखळी गुंडाळली, पिशवीत टाकली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "काकाजी, पुढच्या वर्षी पहिल्या वेच्यापासून, सुतळ्या न लावता..." आणि तिथंच थांबली. कोणत्या खोलीतून येणार होती ती, कोणाच्या नावानं? 'या' म्हणायला पाहिजे होतं, असं गिरजा म्हणते. मला तसं वाटत नाही. जे होणार नाही त्याला हो म्हणणं, हे त्या बाईनंच मला कधी करू दिलं नव्हतं.

ती गिरजाजवळ गेली. गिरजा एक पाऊल मागं सरली, हात अजून पाठीमागंच. मॅडमनं पदराची दोन टोकं धरून तिच्यापुढं पसरली.

"काटा ठेवला मी, काकू. आता भरा."

गिरजानं माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं, काटा खरंच आत आहे का म्हणून. मग गाठोड्यापाशी बसली आणि त्या किडक्या, पिवळट कापसातून चांगली चांगली बोंडं निवडून तिच्या पदरात टाकू लागली. एक मूठ, मग आणखी एक, मग आणखी. थांबेचना. मॅडम पदर धरून उभी होती.

बसच्या फाट्यापर्यंत मी गेलो नाही. बांधावरूनच पाहिलं. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली पदराची गाठ. वारा सुटला होता. बस आली तेव्हा तिला दांडा धरायला हात मोकळा नव्हता. कंडक्टर ओरडत होता, "बाई, सामान ठेवा खाली, चढा लवकर!" तिनं पिशवी खाली ठेवली, काट्यासकट धुळीत. पदर नाही सोडला. कोणीतरी आतून हात दिला, मग पिशवी ओढून घेतली, आणि दार लागलं.